टोपल्याखालचं पीठ

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला कोणी कलावंत समजत नाही. मालेगावात माझं दुकान आहे. हळद, वरात, नवरीचं रडणं, सगळं मी टिपतो आणि लोक म्हणतात, "ओ शूटिंगवाले, जेवून घ्या." म्हणून पुण्याहून सिनेमावाले आले आणि त्यांनी मला सोबत घेतलं, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. सिनेमावाले म्हणजे किती, तर चार जण, एक कॅमेरा आणि एक खिळखिळी जीप. नटी स्वतःची साडी स्वतःच धुवायची. सिनेमा भुताचा होता, पण त्यात भूत कुठेच दिसणार नव्हतं.

"मग लोक पाहतीन काय?" मी दिग्दर्शिकेला विचारलं. पोरगी पंचविशीची, डोळ्यांत झोप कायमची.

"दार," ती म्हणाली. "तीन मिनिटं नुसतं बंद दार."

झालं! मनात म्हटलं, तीन मिनिटांत आपण नवरीच्या सहा साड्या दाखवतो, आणि ही बाई दार दाखवून राह्यली.

दारं तिला आमच्या वस्तीवर भरपूर मिळाली. शिरपूरच्या पुढे आमची तीसेक घरं. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते आणि घरांना कुलपं लागतात. ती त्या कुलपांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "काय भयाण आहे हे!" मला राग यायचा. अगं बाई, तुला भयाण वाटतं ते आमचं दर साली असतं. पण मला त्या सिनेमात नाव पाहिजे होतं.

माझे बाबाही असेच ऊसतोडीला गेले होते. त्या साली आईचं ऑपरेशन झालं होतं म्हणून ती मागे राहिली. तिकडे तापानं ते गेले, तिकडेच सगळं उरकलं, आणि मुकादमाच्या माणसानं आम्हाला राखेची पुडी आणून दिली. त्याला आता चार वर्षं होऊन गेली.

आमच्याकडे माणूस गेला की तो गेला त्या जागी पीठ पसरतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं. पाखराची पावलं उमटली तर जीव सुटला. सापाचा माग दिसला तर जीव घरातच अडकला, त्याची वासना राहिली. बाबांसाठी हे कोणी केलंच नाही. ते गेले त्या फडात दुसऱ्या दिवशी कोयते चालू झाले होते. आई कोणालाही विचारायची, "कसा गेला असन वं तो? सुटला असन ना?" बायका म्हणायच्या, सुटला, सुटला. आईचं समाधान व्हायचं नाही.

हा पिठाचा प्रकार दिग्दर्शिकेला मीच सांगितला. माझ्या तोंडाला कुठे कुलूप आहे! तिनं तो लगेच सिनेमात घातला. सिनेमातली बाई टोपलं उचलते आणि तिला सापाचा माग दिसतो, असं ठरलं.

"माह्याच घरात करा," आई म्हणाली. "पीठ मी देतो चाळून."

संध्याकाळी तिनं ज्वारीचं पीठ चाळलं, मधल्या खोलीत सारवून घेतलं, पीठ पसरलं, टोपलं घातलं आणि शेजारी दिवा लावला. मी म्हटलं, "माय, हे खोटं आहे. सिनेमाचं आहे."

"हाव, माहीत हाय मले," ती म्हणाली. मग टोपल्यासमोर हात जोडून बसली आणि बारीक आवाजात बाबांना म्हणाली, "आता तरी सांगा." आणि मी गाढव, मला वाटलं, वा, आई तर चांगली अ‍ॅक्टिंग करते.

सकाळी उजेड चांगला होता म्हणून सगळे घाईत होते. आई न्हाणीत होती. मी टोपलं उचललं. पीठ कुठे कुठे हललेलं होतं. उंदीर फिरला वाटतं, असं म्हणून मी पुठ्ठ्याच्या तुकड्यानं ते सपाट करून टाकलं. मग ओली सुतळी घेतली आणि ती फिरवून असा वळणदार माग काढला की कॅमेरावाला म्हणाला, "मास्तर, कमाल!" मी फुललो. टोपलं परत घातलं.

नटीनं उचलायचं होतं. पण ती यायच्या आधी आई आली, ओल्या केसांनी, आणि कोणी थांबवायच्या आत तिनंच टोपलं उचललं. कॅमेरा चालू होता.

आई तिथेच खाली बसली. "अडकला व," ती म्हणाली. "घरातच फिरून राह्यला. चार वर्स मी भाकर खाऊन राह्यली, न् तो इथं उपाशी."

मी धावलो. "माय, ते मी काढलं! हे पाहा, सुतळी!" तिला पटेना. तिला वाटलं, मी समजूत काढून राह्यलो. शेवटी मी तिच्यासमोर दुसरा माग काढून दाखवला, अगदी तसाच. दिग्दर्शिकेनं तो शॉट माझ्यादेखत पुसून टाकला आणि ती बाहेर जाऊन रडली. तिच्या जागी मी असतो तर ठेवला असता. खरं तेच सांगतो.

दुपारपर्यंत आई शांत झाली. चहा केला, सगळ्यांना दिला. माझ्या जिवात जीव आला. ते लोक जीपमध्ये सामान ठेवत होते तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"सुतळी फिरवाच्या आदी काय होतं पिठात?"

"काही नाही माय. उंदीर फिरला होता."

"पायलं तू?"

पाखराची पावलं होती, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. लोकांच्या लग्नात मी बेधडक खोटं बोलतो, नवरी छान दिसते म्हणून सांगतो. इथे जीभ उचलली नाही. मी खरंच पाहिलं नव्हतं. पीठ खराब झालं, एवढंच मला दिसलं होतं.

आईनं मधल्या खोलीतलं सगळं पीठ परातीत भरलं, हातानं पुसून पुसून, चिमूटभरही ठेवलं नाही. ते पाण्यात सोडायला निघाली. मी चपला घालायला लागलो.

"तू नोको येऊ," ती म्हणाली.