पाहुणी नेमकी कोणाची?

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, आणि देवांसोबत भुतंही गेली. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवणारी. तरी लिहितेय... कारण इतक्या वर्षांत याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. वडशाला स्टेशनच्या मागे माझी कवेलूंची, म्हणजे कौलांची, तीन खोल्यांची चाळ होती. पहिलीत मी एकटी, दुसरीत राईस मिलमधले मिस्त्री आणि त्यांची बायको कमला, तिसरीत एक फॉरेस्ट गार्ड, त्याची बायको शेवंता आणि तीन महिन्यांचं बाळ. अंगण एक, विहीर एक. घरमालकीण म्हणजे काय, तर विहिरीत बादली बुडाली तरी मी आणि कोंबडी हरवली तरी मीच! शेवंता महिनाभर सांगत होती, "बाई, आढ्यातून भुसा पडून राह्यला." मी म्हणायची, गावातल्या नाटकांचा हंगाम संपू दे, मग पाहू.

या हंगामात नाटकं बघायला आमच्याकडे घरोघर पाहुणे. कोणाकडे आलात, कधी जाणार, असं पाहुण्याला विचारायचं नाही ही रीत. त्यामुळे अंगणात हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी झाडताना दिसायला लागली, तेव्हा मी तिला कमलाची सासू समजले. जेवायला बोलावलं की म्हणायची, "जेवून आली ना बाई, तिकडं."

आणि तीही तक्रारच घेऊन यायची! मी शाळेतून येऊन चपला काढते न काढते तोच, "बाई, त्या खोलीत लेकराले निजवू नोका." चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"आजी, तुमी पाहुन्या आहा ना, मंग पाहुन्यासारख्या राहा."

ती खराटा भिंतीला टेकवून विहिरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. गार्ड ड्युटीवर, मिस्त्री मिलमध्ये. शेवंता पाणी भरून परतली, तर पाळणा माझ्या ओसरीत टांगलेला आणि बाळ त्यात गाढ झोपलेलं. ती माझ्यावर तुटून पडली.

"मले न विचारता लेकरू काऊन हलवलं तुमी?"

मी हातही लावला नव्हता. मी घरात तांदूळ निवडत होते. कमला समजूत घालायला आली, तर तिलाही बोलणी बसली. भांडण ऐन रंगात आलं, आणि तिसऱ्या खोलीचं आढं कवेलूंसकट खाली आलं... बरोबर पाळण्याच्या नेहमीच्या जागेवर.

धुरळा बसला. मग शेवंता रडत कमलाचे हात धरून म्हणाली, "तुमच्या सासूनंच काढलं असंन लेकराले बाहेर."

"माई सासू? मी तं तिले तुमची आत्या समजून राह्यली होती."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

म्हातारी कोणाचीच नव्हती. तिला जेवताना कोणी पाहिलं नव्हतं, झोपताना पाहिलं नव्हतं. स्टेशनपर्यंत शोधलं, पुन्हा दिसली नाही. असेल एखादी वाट चुकलेली बाई, तिनं भुसा पाहिला असेल, असं मी स्वतःला बरंच समजावलं. पण पाळणा टांगायला माझ्या ओसरीत कडीच नव्हती. त्या दिवसापासून आहे. ठोकल्याचा आवाज तिघींपैकी कोणीही ऐकला नाही.

आता भाडेकरूनं तक्रार केली की मी चपला न काढताच वर आढं बघायला जाते. कडी कोणी ठोकली ते मला आजही माहीत नाही. पाहुणी म्हणून तिला गप्प बसवलं मी, आणि घर मात्र तीच सांभाळत होती.