दुसरी उशी

घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, हे काम ताई एकवीस वर्षं करत होत्या. त्यामुळे 'माणसं वेगवेगळी असतात' हे शिकवायला ऑफिसने बोलावलं, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. माशाला पोहायला शिकवणार म्हणे.

शिकवणारी मुलगी म्हणाली, "घरात काही वेगळं दिसलं की लगेच आजार लिहू नका. आधी विचारा."

ताईंना मास्तर आठवले. एकटे राहणारे निवृत्त शिक्षक, आणि पलंगावर कायम दोन उशा. ताई रोज एक उचलून कपाटात ठेवत, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पलंगावर. वहीत त्यांनी चारदा लिहिलं होतं, 'विसरायला लागलेत.' त्याच नोंदींवरून येत्या सोमवारी मास्तरांना घर सोडायला लावून वृद्धाश्रमात हलवायचं घाटत होतं.

मग जोड्या लावून सराव झाला. एकमेकींना विचारायचं, 'तुमचं जवळचं माणूस कोण?' बायका तेरा. ताई उरल्या. सुटले बाई, असं त्यांनी मनाशी म्हटलं, पण ते काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उशीला हात लावला नाही. "मास्तर, ही कुणाची?"

मास्तरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. शेजारी शेजारी दोन तरुण, एकाच्या गळ्यात मापाची टेप. ताई तो फोटो रोज पुसत.

"टेलरची. चौतीस वर्षं राहिला इथे. लोक भाडेकरू म्हणायचे. मीही म्हणू दिलं."

"आणि मी रोज ती उचलत होते. बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं नीटनेटकं आवरता. काय सांगणार?"

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि चूक आपली आहे, सोमवारचं थांबवा, असं स्पष्ट सांगितलं. चारही नोंदी खोडल्या. खाली लिहिलं, 'मास्तरांना सगळं आठवतं.' मास्तरांच्या फॉर्मात जवळच्या माणसाचा रकाना रिकामा होता, तिथे 'टेलर' लिहिलं.

"अहो, तो गेला की."

"हयातच असावा असं कुठे म्हटलंय फॉर्मात?"

मास्तर हसले. "आणि तुमच्या फॉर्मात कोण?"

ताईंनी दुसऱ्या उशीला धुतलेला अभ्रा घातला, कोपरे नीट केले. आजवर या घरासाठी त्या एकच अभ्रा काढत असत.

"आमच्या वर्गात तेराजणी होत्या," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही."