तामूसाठी ठेवलेली खोली

मोरोक्कोतल्या साफीच्या बंदरावर तारल्या डब्यांत भरण्यात रकियाचा जन्म गेला. शेजारी कायम तामू. हातांचा मासळीचा वास धुऊन जायचा नाही. लग्नकार्यात बाकीच्या बायका अंग चोरून बसायच्या, तेव्हा या दोघी एकमेकींना चिकटून बसायच्या. कारखाना बंद पडला तोवर दोघींचे नवरे गेले होते. रकियाला मूलबाळ नव्हतं. तामूचा मुलगा नूरद्दीन कासाब्लांकात नोकरीला.

एकटीला भाडं झेपेना, म्हणून रकियानं मशिदीच्या मालकीचं एक पडीक घर मागितलं. विश्वस्तांच्या दारात ती इतकी बसली, की त्यांनी कंटाळून अगदी थोड्या भाड्यानं दिलं. कारखान्यातल्याच आम्ही काही म्हाताऱ्या तिथं आलो. खोल्या वेगळ्या, चूल एक. कुणी आजारी पडली, की दुसरी तिच्यासाठी सूप ढवळायची. खालची, चौकाकडे उघडणारी खोली मात्र रकियानं तामूसाठी ठेवली. तामूचे गुडघे गेले होते.

तामू शुक्रवारी कुसकुस खायला यायची, राहायचं नाव काढायची नाही. लोक म्हणतील, पोरानं आईला बाहेर काढलं.

"लोक येणारेत का तुझे गुडघे चोळायला?" रकिया म्हणायची.

एकदा तामू आपल्या घरी न्हाणीघरात पडली, बराच वेळ तशीच पडून राहिली. मग मात्र बोचकं घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी नूरद्दीन हजर. आवाज चढवला नाही त्यानं. रकियाच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "खाला, मी जिवंत असताना आई बेवारशांच्या घरात राहिली, तर चारचौघांत तोंड कसं दाखवू?"

"बेवारशी कोण रे? आम्ही आहोत ना."

तो रडायला लागला. तामूनं बोचकं पुन्हा बांधायला घेतलं. रकियाला हळूच म्हणाली, "रडतोय गं. कशी राहू मी?"

कासाब्लांकातलं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा-सून दिवसभर कामावर. तामू फोन करायची आणि सांगायची, तो चुलीपाशी ठेव, तुमची भांडणं ऐकू देत. आम्ही मुद्दाम भांडायचो.

हिवाळ्यात ती खिडकीजवळच्या खुर्चीत गेली. दुपारी कधीतरी. घरच्यांना संध्याकाळी कळलं.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर नूरद्दीन आला. खोली बघू का, म्हणाला. आत जाऊन पलंगावर बसला.

"खाला, त्या दिवशी मला चार शिव्या का नाही दिल्या?"

"दिल्या असत्या, तर ती राहिली असती?"

रकियानं त्याला चहा दिला, पण स्वतः घेतला नाही.

आता त्या खोलीत कारखान्यातलीच यझ्झा राहते. रकियानंच तिला बोलावून आणलं. खोली रिकामी ठेवणं पाप आहे, म्हणाली. पण ती स्वतः तिथं पाय ठेवत नाही. यझ्झाला काही द्यायचं असलं, तर उंबऱ्याबाहेरून हाक मारते. कधी कधी तोंडून तामूचंच नाव निघतं. यझ्झा ओ देते.