शेळी अडली त्या दिवशी

सक्तमजुरीची शिक्षा ठोठावताना कैदी पुढे म्हातारा होणार, हे कुणाच्या डोक्यात येत नसावं. मी साताऱ्याकडचा, आणीबाणीच्या आधी सांगलीकडच्या एका तुरुंगात शिपाई होतो. तिथल्या एका बराकीत सगळे साठीच्या पुढचे जन्मठेपवाले. दगड फोडायची त्यांची ताकद संपली होती, म्हणून साहेबांनी त्यांना तांदूळ निवडायला बसवलं. डोळे अधू, त्यामुळे खडे भातात आणि तांदूळ सुपाबाहेर. महिन्याभरात तरुण कैद्यांचेही दात हलायला लागले.

गिनती म्हणजे तर रोजचा तमाशा. नियमाप्रमाणे कैद्यांनी जोडीजोडीनं उकिडवं बसायचं. बसताना हे कसेबसे बसत. उठवायला मात्र आम्ही दोन शिपाई लागायचो. एकाला उभा करेपर्यंत दुसरा लवंडायचा आणि आकडा चुकायचा. मी रोज चिडायचो आणि रोज पहिल्यापासून मोजायचो.

त्यांतला सगळ्यात थकलेला एक आटपाडीकडचा मेंढपाळ. चराईच्या भांडणात त्याच्या हातून खून झाला होता. आम्ही त्याला आबा म्हणायचो. घरी त्याची म्हातारी एकटी होती. "ती हाय तवर घरी जायाचं बगा," एवढंच त्याचं मागणं. म्हाताऱ्या, आजारी कैद्यांना लवकर सोडता येईल का, हे बघायला डॉक्टरांची समिती येणार असं कळलं, तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच घाई झाली. खरं सांगायचं तर त्यात निम्मी माया होती आणि निम्मा गिनतीचा वैताग.

आठवडाभर मी त्याला शिकवलं. "आबा, हाक मारली तरी बघायचं न्हाई. उठा म्हटलं तरी उठायचं न्हाई. नुसतं कण्हायचं."

"व्हय सायेब. मढ्यावानी पडतो."

समिती आली. आबा घोंगडीवर असा पडला की मीच एकदा नाकाशी हात धरून बघितला. डॉक्टर वाकले, नाडी धरली, मान हलवली. काम झाल्यातच जमा होतं. तेवढ्यात बाहेर जेलरसाहेबांची शेळी ओरडली. सकाळपासून ती अडली होती.

आबानं एक डोळा उघडला. मी डोळे वटारले. शेळी पुन्हा ओरडली आणि आबा ताडकन उठला. "आरं, करडू आडवं आलंय! त्याल आना कुनीतरी!" डॉक्टरांना बाजूला सारून तो जो पळाला, तो थेट शेळीजवळ. उकिडवा बसला, हाताला तेल चोपडलं, करडू फिरवून सुखरूप बाहेर काढलं, आणि कुणाचा हात न धरता उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला शाबासकी दिली आणि कागदावर लिहिलं, प्रकृती ठणठणीत.

"आबा, काय केलं ह्ये तुमी?" मी ओरडलो.

"आवं, लय कळा सोसत हुती ती. मग काय पडून ऱ्हाऊ?"

मला इतका राग आला की दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. आबा मात्र खुशीत. करडाला रोज पाला चारायचा.

पुढची समिती यायला दोन वर्षं गेली. या खेपेला मी त्याला काहीच शिकवलं नाही. आबा घोंगडीवर पडून होता. डॉक्टर नाडी बघत असताना बाहेर तेच करडू, आता मोठी शेळी झालेलं, ओरडायला लागलं. तिचं पहिलंच वेत होतं. मी आबाच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. उठा की आबा, असं मनातल्या मनात शंभरदा म्हटलं. डॉक्टरांनी सुटकेची शिफारस लिहिली. शेळी ओरडतच होती.