फेट्याचे टक्के

थोरला भाऊ गेला त्याला आता दोन महिने झाले. त्याचा गुलाबी फेटा वहिनीने माझ्याकडे ठेवायला दिला आहे. घडी उलगडली की मला त्याच्या पेन्शनची हकीगत आठवते, आणि अशा दिवसांतही हसू येतं.

महायुद्ध संपल्यावर दादा इटलीहून रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी परतला. उजव्या मनगटातून गोळी आरपार गेली होती. बोटं जागेवर होती, पण मिटत नव्हती. अपंगत्व किती टक्के, हे लष्कराचे डॉक्टर ठरवत. वीसच्या खाली पेन्शन नाही. दादाला पंधरा मिळाले.

मी तेव्हा सांगलीला शाळेत शिकवत असे. सुट्टीत घरी आल्यावर तो इंग्रजी कागद शब्दकोश घेऊन वाचला. दोन दिवस लागले. जखम कशी झाली, किती दुखली, याचा त्यात विचारच नव्हता. हाताला आता काय जमत नाही, तेवढंच धरलं होतं. आणि खाली शेरा होता: पोशाख स्वतः व्यवस्थित करतो.

"दादा, तिथं तू काय सांगितलंस?"

"साहेबानं इचारलं, कसा हायस? म्हनलं, ठीक हाय साब. आनि काय सांगायचं?"

"आणि फेटा बांधून गेला होतास?"

"मग काय बोडक्यानं जाऊ? घरात कुनी मेलंय व्हय?"

वहिनी चुलीपुढून म्हणाली, "आवं, त्यो फेटा मी बांधला हुता. डाक्टरनं माजं हात तपासलं म्हना की."

खरं होतं ते. रोज सकाळी दार लावून वहिनी त्याला फेटा बांधायची, आणि गावाला याचा पत्ता नव्हता. पारावरचे लोक उलट म्हणायचे, "गड्या, गोळी लागून तुजा फेटा लयच झ्याक बसाय लागलाय." दादा मिशीत हसायचा.

मी अपील लिहिलं. साताऱ्याला पुन्हा तपासणी ठरली. त्या सकाळी वहिनीने फेटा बांधलाच नाही, घडी करून पिशवीत घातला. दादा उघड्या डोक्याने उंबरा ओलांडेना. शेवटी माझी काळी टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. ती त्याला इतकी लहान होती की मोटारीत अख्खा रस्ता तो एका हाताने टोपी धरून बसला.

डॉक्टर वयस्कर होते. मराठी बोलले. "कसं काय, जवान?"

"ठीक हाय साब."

मी मागे खुर्चीवर होतो. अपील तिथेच बुडालं असं वाटलं. डॉक्टर मात्र टोपीकडे बघत होते.

"ही तुमची नाही."

"न्हाई साब. मास्तरची हाय."

"तुमचा फेटा कुठाय?"

"पिशवीत."

"बांधा बघू."

दादाने एक टोक दातांत धरलं. डाव्या हाताने दोन वेढे घेतले, तिसऱ्याला सगळं गळ्यात उतरलं. पुन्हा केलं. पुन्हा उतरलं. कपाळावर घाम आला. डॉक्टर मदतीला उठले नाहीत, घाईही केली नाही.

"रोज कोण बांधतं?"

लढाईच्या गोष्टी दादा चारचौघांत मोठ्याने सांगे, पण हे अगदी हळू बोलला. "मालकीन बांधती, साब."

डॉक्टरांनी मान हलवून लिहायला घेतलं. बाहेर आल्यावर दारावरच्या शिपायाने न विचारता फेटा बांधून दिला. तोही जुना पलटणीतलाच.

घरी पोचताच वहिनीने विचारलं ते वेगळंच. "ह्यो कुनी बांधला? डाव्या अंगाला कललाय." तिने तो सोडला आणि नव्याने बांधला, या वेळी अंगणात, दार उघडं ठेवून. दादा गुमान बसला होता.

महिन्याभराने कागद आला. तीस टक्के. मी वाचून दाखवला.

"त्यातलं माजं किती?" वहिनीने विचारलं.

"धा तुजं," दादा म्हणाला, आणि जरा थांबून, "पाच मास्तरच्या टोपीचं."