सासूला घेऊन नवरा शोधायला

नवरा पळून गेला याचा मला राग होताच, पण त्याहून जास्त राग सासूचा होता. नवरा डोळ्यांसमोर तरी नव्हता, ही रोज समोर होती. धरणगावजवळच्या आमच्या गावात हापशावर बाया जमल्या की तिची टकळी सुरू व्हायची, "मना पोर्‍या देवमानूस शे. हिनीच त्याले घरमाईन काढं." मी तिथंच हंडा भरत उभी असायचे. बाया माझ्याकडे बघून च्‌च्‌ करायच्या आणि मला प्रत्येकीच्या डोक्यात हंडा घालावासा वाटायचा.

तो जिनिंगमध्ये फिटर होता. मला सातवा महिना असताना "मशीनचा पार्ट आणतो" म्हणून धुळ्याला गेला, तो गेलाच. मुलगी झाली, रांगायला लागली, चालायला लागली, "बाबा कुठं गेले" विचारायला लागली, पण पार्ट काही आला नाही. मी गावच्या बालवाडीत शिकवायचे, घर माझ्यावर चालायचं. माझ्या हातची भाकरी खाऊन सासू मलाच नावं ठेवायची. मला त्या माणसाला परत आणायचं नव्हतं, चुलीत गेला तो. मला एकच हवं होतं. ज्या तोंडानं ती मला बोल लावायची त्याच तोंडानं, चार बायांच्या देखत, तिनं म्हणावं की माझा पोरगा नालायक निघाला, हिची काही चूक नव्हती. त्यासाठी मी सात समुद्र ओलांडायला तयार होते. समुद्र मी तोवर एकही पाहिलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. होळी होऊन गेली होती. आमच्या गावचा एक ड्रायव्हर केळीचा ट्रक घेऊन मुंबईला जायचा. एकदा त्याला कोकणात श्रीवर्धनपर्यंत भाडं मिळालं. तिथं बर्फाच्या कारखान्यात त्यानं माझा नवरा पाहिला. हाक मारली तर या पठ्ठ्यानं मान फिरवली. ड्रायव्हरनं हे माझ्या कानात सांगितलं आणि मी सरळ घरी जाऊन सासूच्या कानात ओतलं. तिला वाटलं, पोराला कोणीतरी डांबून ठेवलंय. "डांबी ठेयेल व्हई त्याले," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, "मंग चाला आत्या, सोता दखा." तिनं पोरासाठी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. मी मुलीला पारोळ्याला माझ्या आईकडे ठेवलं. दोघी धुळ्याहून एसटीत बसलो, ती त्याला सोडवायला आणि मी त्याला उघडं पाडायला.

घाटात सासूला उलट्या झाल्या. मुंबईच्या स्टँडवर तिला कोणाचंच बोलणं कळेना, मग ती मोठ्यानं बोलायला लागली, म्हणजे तरी त्यांना कळेल. श्रीवर्धनला उतरलो तेव्हा तिनं पहिल्यांदा समुद्र बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "इतलं पानी शे, आन् एक घोट पेवाले नही." समुद्राबद्दल याहून खरं मी पुढंही कोणाकडून ऐकलं नाही. त्या माउलीचं कौतुक करायची मात्र माझी अजिबात इच्छा नव्हती.

बर्फाच्या कारखान्यात कळलं की खानदेशी मिस्त्री थोड्या दिवसांच्या कामापुरता आला होता, ते आटपून दक्षिणेला गेला. तो आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. एका बंदरात काम संपलं की पुढच्या बंदरात. झालं, आमचीही वरात निघाली. बाणकोटच्या खाडीत छोट्या लाँचमध्ये सासू तळाशी बसली, डोळे गच्च मिटून, माझ्या लुगड्याचा पदर मुठीत धरून. लाट आली की म्हणायची, "हाई बठ्ठं तुनामुये," म्हणजे हे सगळं माझ्यामुळे. मला हसू यायचं आणि तिला समुद्रात लोटावंसं वाटायचं, दोन्ही एकदम. पलीकडे एसटी नव्हती. बर्फ नेणाऱ्या टेम्पोत, बर्फाच्या लाद्यांवर भुसा घातलेला त्यावर बसून केळशीपर्यंत गेलो. सासू माळकरी, त्यात सगळीकडे सुकत घातलेल्या मासळीचा वास. तिनं नाकाला लावलेला पदर दिवसभर काढला नाही. काढला तो फक्त मला बोलायला.

केळशीत एका टपरीवाल्यानं सांगितलं, "मिस्त्री होय? पुढच्या खाडीपलीकडं घर केलंय त्यानं." घर केलंय! मी सासूच्या तोंडाकडे बघितलं. ती म्हणाली, भाड्याचं असेल.

त्या खाडीशी पोचलो तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. होडी पलीकडच्या काठावर वाळूत तिरपी पडली होती. होडीवाला हात हलवून काहीतरी ओरडत होता, ते आम्ही मनावर घेतलं नाही, कारण खाडीत पाणीच नव्हतं. लांबवर ओली वाळू आणि मधोमध घोट्याएवढी एक धार. "आपली गिरना आशीच तं शे," सासू म्हणाली. खरंच होतं ते. आम्ही जन्मभर नद्या अशाच ओलांडलेल्या. उन्हाळ्यात गिरणेच्या वाळूतून लुगडं खोचून पलीकडे जायचं, त्यासाठी होडी कशाला हवी? भरती नावाची गोष्ट मी बालवाडीच्या तक्त्यावर वाचलेली होती, पण ती चंद्राशी संबंधित काहीतरी आहे एवढंच डोक्यात राहिलं होतं.

अर्ध्यावर आलो तेव्हा धार मांडीला लागली. सासू सारखी डावीकडे, डोंगराकडे बघत होती. आमच्याकडे पूर वरून येतो. वरती आभाळ भरलं, गडगडलं, की नदीतून पळायचं हे लहान मूलही जाणतं. वरती तर लख्ख ऊन होतं. "पानी वरतीन येस," ती मला समजावत होती, "वरे काहीच नही, घाबरू नको." आणि पाणी आलं ते उजवीकडून, खालून, समुद्राकडून. आवाज नाही, गढूळ नाही, काही नाही. मागच्या वाळूवर आमची पावलं होती, तिथं पाणी चमकत होतं. पुढेही पाणीच होतं. बघता बघता कमरेपर्यंत आलं. दशम्यांचं गाठोडं सुटलं आणि समुद्र सोडून उलटं डोंगराकडे वाहत गेलं. ते बघून सासूचा जगावरचा विश्वासच उडाला. तिनं दोन्ही हातांनी माझा दंड धरला. "मना हात सोडू नको व माय," म्हणाली. मला माय म्हणाली!

मी हात सोडला नाही. उगाच मोठेपणा कशाला सांगू, प्रेम वगैरे नव्हतं. ती तिथं मेली असती तर तिचं तेच खरं राहिलं असतं, पोरगा देवमाणूस आणि सून कजाग. वर गाव म्हणालं असतं की सुनेनं सासूला बुडवली. मला ती जिवंत हवी होती, त्या घराच्या दारापर्यंत तरी. म्हणून मी तिला खांद्यावर घेतल्यासारखी धरली आणि घसा फुटेस्तोवर ओरडले.

होडी तरंगायला लागल्यावर होडीवाला आला. आम्हाला आत ओढता ओढता त्यानं खूप शिव्या दिल्या. "भरतीच्या तोंडात कोण चालत जातं? डोळे होते की नव्हते?" सासूनं त्याला आमच्या बोलीत उत्तर दिलं तसा तो थबकला. "अरे, हे तर मिस्त्रीसारखं बोलणं. तुम्ही त्याच्या गावच्या काय?" मी हो म्हटलं. त्यानं आम्हाला थेट मिस्त्रीच्या दारात नेऊन सोडलं.

नारळीच्या बागेत कौलारू घर होतं. ओटीवर एक तरुण बाई कडेवरच्या पोराला भात भरवत होती. गावची माणसं म्हटल्यावर तिनं आम्हाला कोरडी लुगडी दिली, चुलीजवळ बसवलं, गूळ घालून चहा केला. मला तिची दया आली नाही. माझ्या वाटणीचं घर, माझ्या वाटणीचं माणूस, आणि वर चहा मला विचारते! मी सासूकडे बघत होते. सासू त्या पोराकडे बघत होती. नाक, कपाळ, सगळं तिच्या मुलाचं. नातू मिळाला, आता ही विरघळणार, माझी एवढी पायपीट पाण्यात, असंच मला वाटलं.

तेवढ्यात ती तरुण बाई म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं झालं. तुमच्याकडची रीत मला नीट कळत नाही. अक्षय तृतीया जवळ आलीय. ते म्हणतात, तुमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात."

"आखाजी," मी म्हटलं. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात आणि निखाऱ्यावर तूप सोडून आगारी टाकतात. गेलेल्याला त्या दिवशी जेवायला मिळतं.

"तेच. इथं खरबूज कुठलं, मी कलिंगड ठेवते. मागच्या साली सांजोऱ्या फुटल्या माझ्या. ते रडले हो. आईच्या हातच्या अशा नव्हत्या म्हणाले."

सासूनं विचारलं, "कोनी माय?"

"त्यांची. पुरात वाहून गेली ना ती? घागर तिचीच भरतो आम्ही."

ओटीवर वाळत टाकलेल्या सासूच्या लुगड्याचं पाणी अजून निथळत होतं. बशीतला चहा तिनं तसाच खाली ठेवला. चार वर्षं मी ज्या तोंडाला कुलूप लावू शकले नव्हते, त्याला त्या पोरीनं एका वाक्यात लावलं. मला आतून उकळी फुटली. आता मी सांगते ते खोटं वाटलं तरी चालेल, पण तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

मग तो आला. हाताला ग्रीस, खांद्यावर फडकं, पोट सुटलेलं. दारात आम्हाला बघून तो जागीच खिळला. "माय," म्हणाला, अगदी हळू. त्याची ती बायको एकदा त्याच्याकडे, एकदा सासूकडे बघायला लागली. वाटभर मी शिव्या जमवल्या होत्या, एकेक घासूनपुसून. तोंड उघडणार तोच सासू उठली.

"तुनी माय मरनी ना?" ती त्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "मंग आगारी नीट टाकत जाय. उपाशी र्‍हास ती."

तो तिच्या पायावर पडायला वाकला तर तिनं पाय मागं घेतले. त्या पोराकडेही पुन्हा बघितलं नाही. ओली वस्त्रं गोळा केली आणि ओटी उतरली. मी मात्र थांबले. इतक्या लांब मी गप्प राहायला आले नव्हते. त्या बाईला म्हटलं, "मी याची लग्नाची बायको. आम्हाला मुलगी आहे. ही बाई, ही याची आई. हवं तर त्यालाच विचारा." तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं खाली बघितलं. त्या खाली घातलेल्या मानेवर मी पुढं कित्येक महिने जगले.

परतीच्या वाटेवर सासू एक शब्द बोलली नाही. लाँचमध्ये डोळे उघडे ठेवून बसली. मला वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. नाशिक गेलं, धुळं आलं, तरी नाही. गावात बायांनी विचारलं, पोरगा भेटला का? तिनं उत्तर दिलं नाही. मला संताप आला. तिनं ऐकलं, पाहिलं, आणि तरी माझ्या बाजूचं एक अक्षर तोंडातून निघत नव्हतं. मी स्वतः गावभर सांगू शकले असते, पण माझ्या तोंडून नको होतं मला ते.

आखाजी आली. दरवर्षी आम्ही एकच घागर भरायचो, सासऱ्यांची. त्या दिवशी मी अंघोळ करून स्वयंपाकघरात आले तर पाटावर दोन घागरी होत्या. दोन्हींवर खरबूज, दोन्हींवर सांजोऱ्या, आंबा. आगारीला भाऊबंदांतल्या बाया जमल्या होत्या. एकीनं विचारलं, ही दुसरी कोणाची?

"मना पोर्‍यानी," सासू म्हणाली.

कोणी रडायला सुरुवात केली. कोणी माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या. थोरल्या चुलत सासूबाई उठल्या, सगळं रीतीनं व्हायला हवं म्हणून, आणि त्यांनी माझ्या कपाळाकडे हात नेला. मला हे सुचलंच नव्हतं. सूड घ्यायला गेले आणि विधवा व्हायची पाळी आली!

सासूच्या हातात निखाऱ्याचा चिमटा होता. तो तिनं मध्ये धरला. "हात लावू नको तिले," ती म्हणाली. "मना पोर्‍या मरना. तिले नवरा व्हताच कव्हय? आपला पोर्‍या नालायक निंघना, तिनी काय चूक?"

हापशावरच्या झाडून सगळ्या बाया तिथं होत्या. सगळ्यांनी ऐकलं. चुलत सासूबाई खाली बसल्या.

मग सासूनं निखारे फुंकले, पोराचं नाव घेतलं आणि तूप सोडलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून निखाऱ्यांत पडत होतं. तिनं पळी माझ्यापुढे केली. मी घेतली, आणि तूप जरा जास्तच सोडलं.