ठरावानं बंद झालेला गंधार

राधाकिशन सर नाटक कंपनीत अकरा वर्षं पेटी वाजवत होते. आधी गातही असत. एका जत्रेत तंबूत धूळ शिरली, सरांचा आवाज बसला आणि तो काही पुन्हा उठला नाही. पुढं परळीच्या मुक्कामात कंपनी मोडली. मालकानं पडदे विकले, राजाचा पोशाख अंगावर घालूनच तो एस.टी.त बसला, आणि सरांच्या वाट्याला हातपेटी आली.

ती काखेत मारून सर पाटोद्याकडच्या एका गावात नव्या हायस्कुलात संगीत शिक्षक झाले. जागा तात्पुरती होती. तपासणीला साहेब येणार, मुलांचं गाणं ऐकणार. पसंत पडलं तर जागा कायम. नाही तर सरांनी घाटनांदूरला भावाच्या शेरड्यांमागं जायचं. भावानं त्यांच्यासाठी काठी तासून ठेवली होती. तसं त्यानं पत्रात कळवलंही होतं.

गळाच नसल्यामुळं सर शिकवायचे ते पेटीनं. पेटी बोलली की मुलांनी बोलायचं, पेटी गप्प तर मुलं गप्प. कंपनीतल्या नटांनी एवढं ऐकलं असतं तर कंपनी आजही चालू असती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, माणसं वाळली, तशी पेटीही वाळली. लाकूड आखडलं आणि मधल्या सप्तकातला गंधार पट्टी न दाबताच वाजू लागला. भाता हलवला की हा हजर. प्रार्थना असो, राष्ट्रगीत असो, मागं याचा एकच सूर. बीडचा पेटी दुरुस्त करणारा कारागीर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता.

हेडमास्तर आप्पारावांनी विषय संस्थेपुढं ठेवला. शाळेची संस्था आणि गावची सहकारी सोसायटी यांची माणसं तीच, सतरंजी तीच आणि ठरावाचं रजिस्टरही तेच. चेअरमन विठ्ठलराव. ते भुवईही सूचक-अनुमोदक असल्याशिवाय खाजवत नसत.

"सर, सूर किती असतेत?" त्यांनी सभेत विचारलं.

"मुख्य सात."

"बिघडला किती?"

"एक."

"मग? गावात विहिरी सात. पाणी हाय दोनीला. आमी बोंबललो का?"

"बंद करा की त्याला," बंकट म्हणाला. हा सोसायटीचा संचालक. "पाऊस पडला की बघू."

"अन् लेकरं गाणं कसं म्हणतील बे?" शेजारच्या शहादेवानं विचारलं.

"तितं थांबायचं. रेशनच्या रांगेत थांबतेत की तास तास!"

शहादेवाला हे पटलं. ठराव झाला : दुष्काळ संपेपर्यंत संगीत शिक्षकांच्या पेटीतील गंधार बंद ठेवण्यात यावा. सूचक बंकट, अनुमोदक शहादेव. सर्वानुमते मंजूर.

सरांनी पेटी उघडली आणि गंधारावर कागद चिकटवून टाकला. साहेबांसाठी बांधलेल्या स्वागतगीतात तो सूर तीनदा यायचा. तिथं आलं की सर गंधाराचं बोट वर उचलत. बोट वर आहे तोवर तोंड मिटायचं. वर्गात सगळ्यांत सुरेल मनकर्णा. तिची आई छबुबाई खडीच्या कामावर होती. ती म्हणायची, "सर, पोरगी भाकर मागतानाबी मधीच थांबायलीय. लई चांगलं शिकिवलंत."

तपासणीच्या दिवशी सकाळीच विठ्ठलराव नवीकोरी पेटी घेऊन आले. सोसायटीनं लातूरहून मागवलेली. हार घातलेली, कुंकू लावलेली.

"जुनी वाजिवली तर गावाची इज्जत जाईल," ते म्हणाले. सरांना काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात जीप आली.

साहेब खुर्चीत बसले. सरांनी सूर धरला, मुलांनी गीत उचललं, आणि पहिल्या गंधाराला सरांच्या बोटानं, नवी पेटी पाहून असेल, जुन्या सवयीनं पट्टी दाबली. मुलं गप्प. गंधार एकटाच वाजला, नाटकात भलत्याच प्रवेशात घुसलेल्या नटासारखा. साहेबांनी चष्मा वर केला. मनकर्णेनं सरांकडं पाहिलं. आमचं काय चुकलं, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

दुसरा गंधार समोर आला. तो वाजवला तर मुलं चुकलेली दिसणार. गाळला तर मास्तर. घाटनांदूरची काठी सरांच्या डोळ्यांपुढून गेली. त्यांनी बोट वर उचललं.

पेटी थांबली, साठ मुलं थांबली, आणि बोट खाली येताच सगळी एका दमात पुढं निघाली. तिसऱ्यालाही तसंच.

गीत संपलं. साहेबांना सुरांतलं कळत होतं, हे सरांचं दुर्दैव.

"मास्तर, तुमचा गंधार कुठं गेला?"

"चूक माझी आहे साहेब. मुलांना मीच..."

"चूक कशाची?" विठ्ठलराव उठले. "ठराव हाय त्याचा!" त्यांनी रजिस्टर मागवलं आणि ठराव क्रमांकासकट खड्या आवाजात वाचला.

साहेबांनी रजिस्टर हातात घेऊन सह्या बारकाईनं पाहिल्या. सरकारी माणूस, सह्या पूर्ण पाहून त्यांचा चेहरा निवळला.

"ठराव रद्द झालेला दिसत नाही."

"न्हाई साहेब."

"म्हणजे मुलं बरोबर आहेत. पहिल्या वेळी मास्तरांनी नियम मोडला, पण पुढं सुधारले." त्यांनी शेरा लिहिला : संगीताचा वर्ग अत्यंत शिस्तबद्ध. जागा कायम करण्यास हरकत नाही. पाऊस पडताच गंधार सुरू करावा.

पाऊस पडला. पण सगळे संचालक पेरणीला गेले, सभेला गणपूर्ती झाली नाही आणि विषय मागं पडला तो पडलाच. नव्या पेटीत गंधार ठणठणीत होता. सर इतर गाण्यांत तो वाजवत. स्वागतगीतात मात्र त्यांनी त्याला एकतीस वर्षं हात लावला नाही. जागा त्या गाण्यावर मिळाली होती.

सर निवृत्त झाल्यावर मनकर्णेच्या मुलीचं लग्न निघालं. त्या गावात वरात आली की बायका वेशीवर तेच स्वागतगीत म्हणतात. वरातीबरोबर माजलगावचा बँडवाला होता. त्यानं हौसेनं चाल उचलली, गंधारावर क्लॅरिनेट जोरात फुंकलं, आणि बघतो तर सगळी वेस गप्प. तो ओशाळून थांबला.

"काय चुकलं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई," मनकर्णा म्हणाली. "तितं आमचे सर हायेत."

वेशीला लागूनच घातलेल्या मंडपाच्या खांबाशी खुर्चीत राधाकिशन सर बसले होते. त्यांचं बोट वर होतं.